झऱ्याचा अहवाल आणि मी

मी आमच्या जमातीच्या पर्यावरण कचेरीची पिकअप गाडी बोलतेय. अमेरिकेतल्या नेवाडाच्या कोरड्या खोऱ्यात, कचेरीच्या मागच्या अंगाला, चाकं काढून मला लाकडी ठोकळ्यांवर उभी केलीय. माझा रंग पांढरा होता म्हणतात. आता ऊन आणि धूळ यांनी मिळून जो ठरवला तो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते खाणीवरचं आयुष्य. तिथली माणसं माझं दार लाथेनं लावायची. खाण बंद पडली आणि जमातीनं मला जुन्या गाडीच्या भावात घेतलं. कचेरीतल्या अर्डिसनं पहिल्या दिवशी दार हातानं, हळूच लावलं. त्या दिवसापासून मी तिची.

अर्डिस पाण्याचं शास्त्र शिकून आलेली. गाडी चालवताना तोंडात पेन धरायची आणि स्वतःशी बोलायची. आमचं पहिलं मोठं काम मात्र पाण्याचं नव्हतं. तिच्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसला शहरात न्यावं लागे, डोंगर ओलांडून. जाताना म्हातारी गाणी म्हणायची, परतताना तिच्यात हूं म्हणायचंही त्राण नसायचं. एकदा अर्डिस, एकदा तिचा मोठा भाऊ लेलँड, असे आळीपाळीनं मला चालवत. अशा कितीतरी फेऱ्यांनंतर एका हिवाळ्यात ती गेली.

आई गेली आणि लेलँडनं एकच ध्यास घेतला. डायलिसिसचं केंद्र आपल्या खोऱ्यात झालं पाहिजे. तो जमातीचा अध्यक्ष झाला. पैसा कुठून आणायचा याचं उत्तर त्याला जमिनीखाली सापडलं. आमच्याकडे गरम पाण्याचा झरा आहे. तिथं खोल विहिरी खणून वाफेवर वीज करायची, वीज विकायची आणि त्या पैशांतून केंद्र बांधायचं. बाहेरची एक कंपनी भांडवल घालायला तयार झाली.

जमीन आमची, पण कागदोपत्री तिचा सांभाळ सरकारकडे. तिथं काही उभारायचं तर आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल हवा. त्यातला पाण्याचा भाग अर्डिसच्या कचेरीनं लिहायचा ठरलं. लेलँडला आनंद झाला. म्हणाला, "घरचंच माणूस आहे, काम लवकर उरकेल."

मग मी खोरं पालथं घातलं. माझ्या पाठीवर नळ्या, दोऱ्या, बाटल्या, तंबू. कधी पक्षी मोजणारे बसले, कधी जुन्या चुलींचे दगड शोधणारे. झऱ्याच्या काठी तांदळाएवढ्या गोगलगायी आहेत. त्यांच्यासाठी एक बाई दुर्बिणीसारखं काहीतरी लावून दिवसभर पालथी पडलेली असायची.

वायोलामावशी, अर्डिसच्या आईची थोरली बहीण, झऱ्यात पाय सोडून बसलेली असे. तिचे गुडघे त्या पाण्याशिवाय हलतच नसत. ती ओरडायची, "अगं ए, सापडली का गोगलगाय? माझ्या पायाखाली बघ, एखादी मेली असेल!"

चाचणीसाठी पहिली विहीर खणली. पंप सुरू झाला आणि काही दिवसांत झऱ्याचं पाणी खाली गेलं. कोमटही झालं. पंप थांबवला तसं पाणी हळूहळू वर आलं. अर्डिसनं पुन्हा पंप लावायला सांगितला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा तिनं माझ्या स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

त्या संध्याकाळी लेलँड तिच्या शेजारी येऊन बसला.

"अर्डिस, 'थोडाफार परिणाम संभवतो' असं लिहिता नाही येणार?"

"थोडाफार नाही दादा. झरा आटेल."

"आटेलच? की आटू शकेल?"

"तू स्वतः उभा होतास तिथं."

तो काचेबाहेर बघत राहिला. "आईला याच गाडीतून न्यायचो आपण."

"मला सांगतोस? परतीला बादली मी धरायचे."

मग लेलँड हसल्यासारखं करून म्हणाला, "गोगलगायींना किती पानं दिलीस?"

"बरीच."

"आणि किडन्यांना?"

"लोकांच्या आरोग्याचं वेगळं प्रकरण आहे."

"मग त्यात माझं नाव घाल. डॉक्टर म्हणाले, माझ्याही आटायला लागल्यात."

अर्डिसनं चावी फिरवली होती. ती तिनं परत मागे फिरवली. मी बंद पडले आणि त्या शांततेत तिचा हुंदका मला ऐकू आला. लेलँडनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

तरीही तिनं जे दिसलं तेच लिहिलं. झरा आटेल. त्याच अहवालात तिनं डोंगरापलीकडचा तो रस्ताही लिहिला, परतताना गाडीत आडव्या पडणाऱ्या माणसांसह. कंपनीच्या लोकांनी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "हाही इथल्या हवापाण्याचाच भाग आहे."

शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. गर्दीमुळे दारं उघडी ठेवली होती, म्हणून बाहेर उभी असून मला सगळं ऐकू आलं. तळलेल्या रोटीचा आणि घेवड्याच्या रश्श्याचा वास येत होता. कोणी म्हणालं, झरा म्हणजे आपलं मूळ. कोणी म्हणालं, मूळ जपायला माणसं उरली पाहिजेत. मग वायोलामावशी काठी टेकत उठली. ती झऱ्याच्या बाजूनंच बोलणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

"पक्षी मोजले, चांगलं केलंत," ती म्हणाली. "गोगलगायी मोजल्या, त्यांचंही भलं होवो. आता आम्हाला मोजा. झरा गेला तर मी घरी बादलीत पाय बुडवीन. माझी बहीण गेली. आता भाचा गेला तर त्याला कुठल्या बादलीत शोधू?"



पुढच्या आठवड्यात जमातीच्या मंडळानं मतं घेतली. अर्डिस आत गेली नाही, माझ्यातच बसून राहिली. मतं समसमान पडली, आणि शेवटचं मत अध्यक्षाचं. लेलँड बाहेर आला, माझं दार उघडून बसला आणि म्हणाला, "चल, घरी सोड."

"काय झालं?"

"विहिरी झऱ्याजवळ नकोत, असं मत दिलं मी. दक्षिणेकडच्या टेकडीमागे खणा म्हटलं."

"दादा, तिथला अभ्यास पहिल्यापासून करावा लागेल. कंपनी थांबायची नाही."

"माहीत आहे."

"मग का?"

"तू खोटं लिहिलं असतंस तर मी सुखानं हो म्हटलं असतं. तू खरं लिहून ठेवलंस. ते वाचून मी काय करू?"

कंपनी थांबली नाही, निघून गेली. तरी जमातीनं टेकडीमागच्या जागेचा नवा अहवाल सुरू केला आणि पुन्हा तेच पक्षी, तेच दगड, तीच सरकारी उत्तरं. त्याच सुमारास लेलँडचंही डायलिसिस सुरू झालं. डोंगरावरचा रस्ता मला पाठ होताच.

जाताना तो बहिणीची चेष्टा करायचा. "हळू चालव गं, रस्त्यावर गोगलगायी असतील." ती म्हणायची, "गप्प बस, नाहीतर इथंच उतरवीन." दोघं हसायची. परतताना तो बोलत नसे.

एका वसंतात, खिंडीतला बर्फ वितळत असताना, आम्ही परत येत होतो. लेलँडचं डोकं काचेला टेकलेलं होतं. खिंड उतरल्यावर अर्डिसनं विचारलं, "दादा, सूप घेऊ या का थोडं?" उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग मला रस्त्याकडेला घेतलं आणि इंजिन चालूच ठेवून त्याचा हात हातात घेतला. मला आधीच कळलं होतं. त्याच्या अंगाचं वजन माझ्या दारावर वेगळंच पडायला लागलं होतं. पण मी गाडी, कोणाला सांगणार?

अंत्यविधीनंतर अर्डिस झऱ्यावर गेली. वायोलामावशीनं सरकून तिला जागा दिली. दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या. "मी काही चुकीचं लिहिलं का मावशी?" अर्डिसनं विचारलं. म्हातारीनं ओंजळीत पाणी घेतलं. "नाही," ती म्हणाली. "पण आज मला हे पाणी गोड लागत नाहीये."

टेकडीमागच्या विहिरीचं पाणी झऱ्याशी जोडलेलं नाही, असं आता निघालंय. सरकारची सही तेवढी व्हायचीय. केंद्र कधी ना कधी होईल. अर्डिसला नवी गाडी मिळालीय आणि उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे.

त्याला कोणी भेटलं तर माझा एवढा निरोप द्या. माझं इंजिन गेलं, पत्रा गंजला, त्याचं काय करायचं ते करा. पण माझा हीटर अजून चांगला आहे. शहरात उपचाराला जाणाऱ्या एखाद्या गाडीत तो बसवा. परतीच्या वाटेवर माणसाला फार थंडी वाजते.