अभिषेक न चालणारा कलश

बिबवेवाडीच्या त्या मंगल कार्यालयात साखळी धरली गेली की बोलणं आपोआप बंद व्हायचं. शे-दीडशे माणसं अनवाणी, हातात हात घेऊन गोल उभी. पहिल्याच्या तळहातावर तांब्याचा कलश, त्याच्या तोंडातून वर आलेली पितळी दांडी. शेवटचा माणूस दांडीला बोट लावायचा आणि चट्ट आवाजासरशी सगळे एकदम दचकायचे. निवृत्त प्राध्यापक दचकायचे, किराणा दुकानदार दचकायचे, नुकताच अमेरिकेहून परतलेला संगणकवालाही दचकायचा. मग कुणीतरी रडायला लागायचं आणि बाकीचे महाराजांच्या पायावर पडायचे.

"पाच हजार वर्षांपूर्वीचा ऋषींचा विद्युत्कलश," ताम्रानंद महाराज सांगायचे. "खडकवासला धरणाचं पाणी आटलं तेव्हा गाळात आम्हाला दर्शन झालं. एकतीस डिसेंबरला जगातले कॉम्प्युटर झोपणार. ही शक्ती झोपत नाही. फक्त चातुर्मासात विश्रांती घेते."

न झोपणाऱ्या शक्तीला चार महिने सुट्टी कशी, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. १९९९ सालचा डिसेंबर होता. २००० साल लागताच संगणक तारखेत '००' वाचून बंद पडतील, असं म्हणत पुण्यातली हुशार माणसं त्या दोन आकड्यांना घाबरून बसली होती.

नीरजा शाळेत विज्ञान शिकवायची. ती इथे यायची ती वडिलांच्या, महिपती अप्पांच्या काळजीपोटी. मागच्या वर्षी अप्पांना हृदयविकाराचा झटका आला होता. तिच्या धाकट्या भावाने, दिग्विजयने, त्यांना महाराजांकडे आणलं आणि महाराजांच्या आज्ञेवरून अप्पांनी औषधं बंद केली. आता रविवारी तीन कलश जोडून 'महास्पर्श' होता. साखळीबिखळी काही नाही. कलश धरायचा आणि बोट लावायचं, दोन्ही एकट्या अप्पांनीच. साखळीत सगळ्यांत वाटला जाणारा झटका आता एकट्या अप्पांच्या छातीतून जाणार होता.

"ताई, मी स्वतः शॉक घेतलाय. इट्स रिअल," दिग्विजय म्हणाला.

"खरा आहे, म्हणूनच भीती वाटते."

"तू सगळ्यातच खोट काढतेस," अप्पा म्हणाले. "मला बरं वाटतंय. आता हा विषय बंद."

विषय बंद झाला, पण चातुर्मास काही तिच्या डोक्यातून जाईना. शाळेच्या कपाटात काचेच्या दोन चकत्यांचं एक यंत्र होतं. हँडल फिरवलं की ठिणगी पडायची. पावसाळ्यात मात्र हात दुखेपर्यंत फिरवलं तरी काही नाही, दमट हवेत वीज टिकतच नाही. म्हणून तो प्रयोग ती दरवर्षी दिवाळीनंतर घ्यायची. महाराजही दिवाळीनंतरच घेत होते.

रविवारी झांजांनी कानठळ्या बसत होत्या. तीन कलश पडद्यामागून आणून महाराजांपुढच्या चौरंगावर ठेवले गेले. अप्पा पुढे झाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ हलत होते. नीरजा गर्दीतून वाट काढत मिठाच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली घेऊन चौरंगापाशी पोचली.

"महाराज, आधी अभिषेक करू."

"या कलशाला पाणी वर्ज्य आहे."

"पाच हजार वर्षं पाण्याखाली गाळात होता ना? तेव्हा कोरडा होता का?"

झांजा थांबल्या. पुढच्या रांगेतल्या सुंदराबाई महाराजांच्या जुन्या भक्त. त्या म्हणाल्या, "खरंच की हो. देवाच्या कलशाला पाण्याचं वावडं कसं?"

महाराज उठेपर्यंत नीरजाने तिन्ही कलशांवर ते पाणी ओतलं होतं. चट्ट आवाज झाला. मग तिने एकेक कलश हातात धरून दांडीला बोट लावलं. काही झालं नाही.

झांजांमुळे इतका वेळ ऐकू न आलेली घरघर पडद्यामागे मात्र अजून चालू होती. तिने पडदा ओढला. महाराजांचा शिष्य उत्तरेश्वर पुढच्या कलशासाठी घामाघूम होऊन काचेच्या चकत्यांच्या तशाच यंत्राचं हँडल फिरवत होता. यंत्रावर हरियाणातल्या अंबाल्याच्या, शाळांची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्याची पट्टी होती: शाळा व महाविद्यालयांसाठी.

"तांब्याच्या आत काचेची बरणी आहे, बरणीत पाणी," नीरजा लोकांना म्हणाली. "दांडीतून वीज आत भरतात. काच तिला बाहेर जाऊ देत नाही. बाहेर हात आणि दांडीला बोट लागलं की ती अंगातून धावते. काच ओली झाली की आधीच निसटून जाते. ऋषींचा याच्याशी काही संबंध नाही. अडीचशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या लायडन शहरात एका प्राध्यापकाने असाच झटका खाल्ला. त्याने मठ काढला नाही, जे झालं ते लिहून जगाला कळवलं."

"अश्रद्ध बाईच्या स्पर्शाने शक्ती गेली," महाराज म्हणाले. आणि काही माना खरोखरच डोलल्या. नीरजाला महाराजांपेक्षा त्या मानांची जास्त भीती वाटली.

"झटका बसला तर तो खरा माना," ती म्हणाली. "पण कुठून आला, पावसात का येत नाही, हे विचारल्याशिवाय कुणाच्या पायावर डोकं ठेवू नका. आणि कुणाच्या सांगण्यावरून औषध सोडू नका."

अप्पा अजून चौरंगापाशीच उभे होते. ओल्या कलशांकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, "तीन एकदम म्हणजे... मला झेपलं असतं का गं?"

नीरजाने त्यांना कलशांपासून दूर घेतलं. अप्पांनी छातीवर हात ठेवला आणि ते वळले.

"दिग्विजय, गाडी काढ. डॉक्टरांकडे जायचंय."

दिग्विजय खिशात किल्ली चाचपत राहिला. ती त्याच्या हातातच होती.