धंद्याचे किलोमीटर, घरचे किलोमीटर

आमच्या घरी एकच गाडी होती आणि ती आमची नव्हती, धंद्याची होती. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवत. छपरावर पिवळी पाटी, मागच्या काचेवर ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’, आणि बाबा बसत त्या बाजूलाही पायाशी एक ब्रेक आणि एक क्लच. सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणायचा. नोकर नाही, भागीदार नाही. मास्तर, गाडी आणि एक पावतीपुस्तक, एवढाच कारभार.

करखात्याचा नियम साधा होता. गाडी धंद्यासाठी जितकी पळेल तितकाच तिचा खर्च धंद्यात धरायचा, घरच्या कामासाठी पळेल तो वगळायचा. आता मी स्वतः अशाच छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिते, म्हणून सांगते, निम्मे लोक वर्षाच्या शेवटी छताकडे बघतात आणि ‘नव्वद टक्के धंद्याचे’ असं ठोकून देतात. बाबांना ते जमायचं नाही. गाडीच्या कप्प्यात त्यांची एक लांबट वही असे. प्रत्येक फेरीला मीटरचा आकडा, निघालो कुठून, पोचलो कुठे, कशासाठी. धंद्याची फेरी निळ्या पेनाने, घरची लाल. शिकवणी संपवून येताना आईच्या सांगण्यावरून दोन गल्ल्या वळून बटाटे आणले, तर घरी आल्यावर आधी गाडीत बसूनच लाल पेन काढायचे आणि लिहायचे : बटाटे, ०.६.

“बटाट्यांपेक्षा तुमची शाई महाग पडते,” आई खिडकीतून म्हणायची.

माझं सगळं लहानपण त्या लाल शाईत आहे. ‘मुलीला ताप, दवाखाना, ३.२.’ ‘शाळेचं नाटक, ४.१.’ खाली लगेच ‘नाटकाचा मुकुट घरी राहिला, पुन्हा ४.१.’ आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा, रविवारी, ‘मावशीकडे, ८४.’ मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बसने तिच्याकडे जायला अडीच तास लागत, मध्ये एक बस बदलावी लागे. आईने जायचं नाव काढलं की बाबा म्हणत, “या रविवारी कोणाची शिकवणी नसली तर बघू.” बहुतेक रविवारी कोणाची ना कोणाची असायचीच.

मी तेवीस वर्षांची झाले, एका हिशेबनिसांच्या ऑफिसात उमेदवारी करू लागले आणि मोठ्या तोऱ्यात बाबांना सांगितलं, यंदाचं तुमचं रिटर्न मी भरणार. आमचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “घरच्यांचं रिटर्न कधी भरू नये. चूक झाली तर जेवताना ऐकून घ्यावं लागतं.” मी हसण्यावारी नेलं. एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर वही, पावतीपुस्तकं, पेट्रोलची बिलं, विम्याचा कागद असा पसारा मांडला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बेरजा जुळवून टाकल्या. सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा बाबांनी तो दोनदा वाचला. सही करून म्हणाले, “छान. माझ्यापेक्षा अक्षर चांगलं आहे.” मी हवेत होते.

पाच महिन्यांनी तपासणीची नोटीस आली.

नोटिशीत एवढंच होतं, की गाडीच्या वापराची नोंदवही आणि पावत्या तपासण्यासाठी खात्याचा माणूस अमुक दिवशी सकाळी दहा वाजता धंद्याच्या पत्त्यावर येईल. धंद्याचा पत्ता म्हणजे आमचं घरच. मी त्या दिवशी रजा घेतली. बाबांनी आदल्या दिवशी केस कापून घेतले. आई तेवढी काहीच बोलत नव्हती. मला वाटलं, घाबरली असेल.

तपासनीस किडकिडीत, मृदू आवाजाचा माणूस होता. चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या. चहा विचारला तर म्हणाला, “काम झाल्यावर घेईन. आधी घेतला की चूक दाखवायला जीभ रेटत नाही.” मग वही उघडून, खिशातल्या छोट्या पट्टीने एकेक ओळ झाकत तो वाचू लागला. तास गेला. बाबा समोर हात जोडल्यासारखे बसून होते. एखाद्या ओळीवर त्याला मध्येच हसू येई आणि तो ते गिळे. बटाट्यांची ओळ असावी.

मग त्याने पट्टी थांबवली.

“मास्तर, तुम्ही विद्यार्थ्याला त्याच्या घरून उचलता आणि शिकवून पुन्हा घरी सोडता. बरोबर?”

“हो. फीमध्येच असतं ते.”

“म्हणून प्रत्येक शिकवणीच्या आधी आणि नंतर थोडे किलोमीटर जास्त दिसतात. पण ही बघा. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा. अशा अठरा शिकवण्या आहेत. इथे न्यायला जायचे किलोमीटर शून्य, सोडायचेही शून्य. तुमच्या दारातून सुरू, तुमच्या दारात बंद.” त्याने पावतीपुस्तकाची स्थळप्रत उलटली. “पावत्या आहेत, पूर्ण फीच्या. नाव आहे एका बाईंचं. या बाई कोण?”

त्याने नाव वाचलं. मी ते कधी वाचलंच नव्हतं. पावत्यांवरचे आकडे मी शंभरदा तपासले होते, नावं मात्र एकदाही नाही. आणि आता ऐकलं तर ते आडनाव माझ्या मामाचं होतं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. शाळेच्या मुकुटाचे चार किलोमीटर लिहून ठेवणारा माणूस, आणि तो मान खाली घालून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. माझ्या डोक्यात त्या एका क्षणात काय काय येऊन गेलं ते आज सांगायलाही लाज वाटते. घरचं पेट्रोल खपवायला खोटी विद्यार्थिनी उभी केली, असंही मला वाटून गेलं. माझ्या बाबांबद्दल.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

“ती मीच,” ती म्हणाली.

तपासनिसाने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. “म्हणजे या तुमच्या…”

“बायको. लग्नाआधीचं नाव घातलंय.”

“आणि बायकोकडून तुम्ही फी घेतलीत?”

“मी घेत नव्हतो,” बाबा एवढंच म्हणाले.

“मी घ्यायला लावली,” आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. इतक्या दिवसांचं पोटात ठेवलेलं बाहेर काढायला तिला बरंच वाटत असावं. “त्याचं काय आहे साहेब, ही पोरगी दोन वर्षांची होती तेव्हा ह्यांनी मला एकदा फुकट शिकवायला घेतलं होतं. मोकळ्या मैदानात. जगाशी हे असे गोड बोलतात, की भिंतीला गाडी लावणाऱ्यालासुद्धा म्हणतील, ‘हरकत नाही, होतं असं.’ आणि मला? दहा मिनिटांत असे ओरडले, की मी दार उघडून उतरले आणि चालत घरी आले. दोन तास लागले. नंतर वीस वर्षं तो विषय काढला नाही.”

“मग आता कसा काढलात?”

“बहीण आजारी पडली. मला वाटेल तेव्हा तिच्याकडे जाता आलं पाहिजे, रविवारची वाट बघत बसून चालणार नाही, असं मनाने घेतलं. पण फुकटचं शिकणं म्हटलं की फुकटचा ओरडा आलाच. म्हणून ह्यांना सांगितलं, मी तुमची गिऱ्हाईक म्हणून येणार. रीतसर फी देणार, पावती घेणार, माहेरच्या नावाने. आणि गाडीत मला ‘अहो’ म्हणायचं.”

तपासनिसाने पट्टी खाली ठेवली. “म्हणाले?”

“पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला ‘तुम्ही’ म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं. ‘बाई, क्लच जरा हळू सोडा. बाई, आरशात बघा. हरकत नाही बाई, होतं असं.’ एकदा मी फाटकाचा खांब घासला, तरी ‘बाई’च.”

“फीत सवलत वगैरे?” त्याने विचारलं, कामाचा प्रश्न म्हणून.

“हे देत होते. मीच नको म्हटलं. सवलत घेतली असती तर लगेच ‘अगं’ सुरू झालं असतं.”

आता त्याला हसू आवरलं नाही. पण माणूस कामाचा होता. पैसे कुठून दिले, हे त्याने विचारलंच. आई लाँड्रीच्या काउंटरवर सकाळी चार तास बसायची, मंगळवार-शुक्रवार तिची सुट्टी. पगाराच्या चिठ्ठ्या तिने आणून दाखवल्या. मग बटणांच्या डब्यातून, सगळ्यात तळाशी ठेवलेला तिचा परवाना काढला. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली होती, दुसऱ्यांदा पास. परवान्यावरची तारीख शेवटच्या शिकवणीनंतर अकरा दिवसांची होती. मी ऑफिसला जायचे तेव्हा हे सगळं घडून गेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“नापास झाले तर तू हसली असतीस.”

मी हसले नसते, असं म्हणणार होते, पण ते खरं नव्हतं.

तपासनिसाने कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, “शिकवलंत, पैसे घेतलेत, पावती दिलीत, आणि ती कमाई रिटर्नमध्ये दाखवून त्यावर कर भरलात. शिकणारी बायको आहे म्हणून धंदा खोटा होत नाही. या अठरा फेऱ्या निळ्याच राहतील.” मग माझ्याकडे वळून तो तितक्याच मृदूपणे म्हणाला, “विम्याचा हप्ता मात्र तुम्ही पूर्ण धरलाय. घरचा वाटा वजा करायचा राहिला. वडिलांची वही इतकी चोख, आणि चूक नेमकी वहीबाहेरच्या कागदात.”

माझा चेहरा पडला. फरक अगदी किरकोळ होता, एका शिकवणीच्या फीइतकाही नाही, पण मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. बाबा लगेच म्हणाले, “हरकत नाही, होतं असं.” आणि आई फस्सकन हसली. तपासनीसही हसला. मग त्याने दोन कप चहा घेतला, आईला परीक्षेत कुठे मार्क गेले ते विचारलं, आणि चपला घालून निघून गेला.

तो गेल्यावर मी कागद आवरले. बाबांनी त्या दिवशीच्या सगळ्या शिकवण्या रद्द केल्या होत्या. आईला परवाना मिळाल्यापासून कामाच्या दिवशी गाडी प्रथमच दारात रिकामी उभी होती. आईने टेबल पुसलं, कप विसळले, आणि खुंटीवरून किल्ली काढून म्हणाली, “मी ताईकडे जाऊन येते.” मावशी धाकटी, पण आई लहानपणापासून लाडाने तिला ताईच म्हणायची.

“चल, मी येतो,” म्हणत बाबा सवयीने आपल्या जागेवर बसायला गेले.

“तुम्ही मागे बसा,” ती म्हणाली. “शिकवणी संपली.”

तोपर्यंत बाबा त्या गाडीत कधी मागे बसले नव्हते. गुडघे पोटाशी घेऊन ते कसेबसे मावले. मी पुढे बसले, आणि पायाखालचे ते दोन पेडल चुकून दाबले जाऊ नयेत म्हणून पाय आखडून घेतले. आईने सीट पुढे ओढली, आरसा लावला, दोन्हीकडे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. गाडी निघाली. मी तिला भाजी चिरताना पाहिलं होतं, लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या टाचताना पाहिलं होतं. चाकावरचे तिचे हात मी प्रथमच पाहत होते. चाक त्यांनी घट्ट धरलं होतं. भर दुपारचं ऊन होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, आणि मागे बाबा इतके गप्प, की मी दोनदा वळून पाहिलं. ओठ मिटून बसले होते. ओरडायची केवढी तरी संधी डोळ्यांदेखत निघून जात होती.

शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. इंजिन घुरघुरू लागलं. मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“बाई,” बाबा म्हणाले, “आता चौथा टाकायला हरकत नाही.”

आईने चौथा टाकला. मावशी अंगणात उन्हाला बसली होती. गाडीतून पुढच्या दाराने बहीण उतरते आणि मागच्या दाराने मास्तर, हे पाहून ती खुर्चीतून उठली ती कोणाचा हात न धरता.

मावशी त्यानंतर दोन वर्षं होती. आई दर बुधवारी दुपारी तिच्याकडे जायची. त्या वेळी बाबा शिकवणी ठेवत नसत.

याला आता एकोणीस वर्षं झाली. साहेबांचं ऑफिस आता मी चालवते. चष्मेवाला, दोन शिंपी, कुलपं दुरुस्त करणारा, फुलवाली, सुतार, अशी माझी माणसं. बाबांचं रिटर्न धंदा बंद होईपर्यंत मीच भरलं. गेल्या वर्षी त्यांना समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दुहेरी दिसू लागले, तेव्हा त्यांनी स्वतःहून पाटी उतरवली. गाडी विकली, विक्रीची रक्कम शेवटच्या रिटर्नमध्ये दाखवली, धंदा बंद झाल्याचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, “लिही, डोळे.”

यंदा तारखा जवळ आल्या आणि त्यांचा फोन आला.

“माझं कधी भरायचं?”

“यंदा नाही भरायचं, बाबा. धंदा बंद केला ना आपण.”

“निरंक तरी भरावं लागेल.”

“निरंकसुद्धा नाही. काहीच नाही.”

“बरं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दरवर्षी रिटर्नच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेदहाला ते सहीसाठी येत. यंदाही त्या शनिवारी साडेदहाला ते दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आई मागून जिना चढत होती. बाहेरच्या बाकावर सुतार आणि फुलवाली कागदांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. बाबा त्यांच्या शेजारी, रांगेत बसले. त्यांचा नंबर आला तेव्हा मी त्यांना आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि चहा सांगितला. समोर ठेवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. आम्ही तिघं तासभर बोलत बसलो.