शिडीवरून पडलेली माणसं

आपल्या बापाने सख्ख्या भावाला बुडवून मारलं, ही बातमी दातांच्या डॉक्टरला शाळेत असताना कळली, ती नाक फुटल्यावर. फोडणारा चुलतभाऊ होता. डॉक्टरनेही मग त्याचे दोन दात पाडले, आणि मोठेपणी शिकून आल्यावर स्वतःच बसवून दिले. नातं असं घट्ट होतं.

लोकांची हकिकत सोपी होती. दोघे भाऊ कॅनूतून, म्हणजे अरुंद लाकडी होडीतून, तलावापलीकडे लाकडं तोडायला निघाले. मोठ्याचा, म्हणजे डॉक्टरच्या बापाचा, घरावर डोळा. त्याने कुऱ्हाडीने होडीला भोक पाडलं. धाकट्याला पोहता येत नव्हतं. मोठा पोहून आला तो खांदा फाटलेला. विचारलं की म्हणायचा, "शिडीवरून पडलो." तलावात शिडी कुठली, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पुढे होडी वर काढून त्याने भोकावर पत्रा ठोकला, रंग फासला आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

बाप बुडाला म्हणून चुलतभाऊ पोहण्याचा मास्तर झाला. पोरांना पाण्यात ढकलून शिकवायचा.

बाप गेल्यावर डॉक्टरने होडी गॅरेजात दोन बाकांवर चढवली. दुरुस्ती हे निमित्त. खरवडायचा होता तो बापाच्या नावावरचा डाग. दात साफ करायच्या आकड्यांनी त्याने रंगाचे थर काढले, पत्रा उचकटला आणि चुलतभावाला बोलावून घेतलं.

"तुझा बाप मागे बसायचा ना?"

"मग? होडी तोच वळवायचा. तुझ्या बापाला सरळसुद्धा नेता यायची नाही."

"बरं. भोक पुढच्या बैठकीला लागून आहे. लाकूड बाहेरच्या अंगाला फुटलंय, म्हणजे घाव आतून. आणि तिरका, मागून पुढे आलेला. पुढे बसलेला माणूस पाठीमागून स्वतःच्याच बुडाशी कुऱ्हाड कशी घालेल? ती माझ्या बापाच्या खांद्यावरून घसरली आणि तळात घुसली."

"म्हणजे माझा बाप खुनी?"

"खुनी कुठला. नेम चुकला त्याचा."

चुलतभावाने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बस पुढे. दाखव कसं ते."

संशोधनाच्या नादात शहाणा माणूस काय करील सांगता येत नाही. डॉक्टर त्याच्याकडे पाठ करून होडीत बसला. मागून होडी हलली. पाठोपाठ होडीला टेकवून ठेवलेली कुऱ्हाड उचलल्याचा आवाज आला. डॉक्टर वळला म्हणून मान वाचली. पातं खांदा चिरत गेलं आणि कडाडकन तळात रुतलं. बाक कलंडले, होडी दोघांना घेऊन फरशीवर आदळली. चुलतभावाचं तोंड काठावर आपटलं आणि डॉक्टरच्या हातचा एक दात गडगडत दारापर्यंत गेला.

"दादा! मेलास का?"

"नाही. शर्ट काढ आणि दाब इथे. जोरात, गाढवा."

चुलतभाऊ दाबत होता आणि हमसून रडत होता. जुन्या भोकाशेजारी नवं भोक पडलं होतं, तोच तिरका घाव, जणू जुळा भाऊ. आता गावाला बोलावून दाखवायचं, की बाप सुटला. डॉक्टरने समोर पाहिलं. रक्ताने भरलेलं बोळकं, वाहतं नाक, थरथरणारी हनुवटी. आपल्या बापाने त्या दिवशी बुडणाऱ्या भावाचं तोंड शेवटचं कसं पाहिलं असेल, ते त्याला कळलं.

"कुणाला सांगशील?" चुलतभावाने विचारलं.

"पत्रा आण. मोठा बघ, दोन्ही भोकं झाकली पाहिजेत."

घरी बायको किंचाळली. "हे काय झालं?"

"शिडीवरून पडलो."

"आपल्याकडे शिडी कुठाय?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने एका हाताने चुलतभावाचा दात बसवला, आणि बाजारात जाऊन शिडी आणली.