गुरुदासाच्या गाडीचा कौल

गुरुदासाला गाडीतलं काय कळत होतं? काहीच नाही. पण गोव्यातून त्याने एक जुनी ऑटोमॅटिक डिझेल गाडी उचलून आणली, कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजिनाला भलामोठा टर्बो बसवून घेतला, मागे पाण्याची टाकी चढवली आणि गावभर मिरवला. मे महिन्यात वरच्या वाडीच्या विहिरी आटतात. तिथे पाणी पोचवायचं, बायकांकडून हात जोडून घ्यायचे आणि मग पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं, असा त्याचा परोपकार. पण ऐन उन्हाळ्यात गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारा डबा, निकामी झाला आणि गाडी सत्यवानाच्या गॅरेजात येऊन पडली.

सत्यवान मस्कतात बरीच वर्षं असल्याच गाड्या उघडून आला होता, आणि परतल्यापासून सगळ्या गावाला कस्पटासमान लेखत होता. त्याच्या मते इथे एकालाही गिअरबॉक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते खरंही होतं.

“मेस्त्री, मुंबयचो पार्टवालो इचारता, नव्या कन्व्हर्टराचो स्टॉल स्पीड कितीचो व्हयो?” गुरुदास दारातूनच म्हणाला. “अठराशे काय सव्वीसशे?”

“अठराशे,” सत्यवानाने मानही वर केली नाही.

“आमचो शौनक सव्वीसशे सांगता.”

शौनक म्हणजे गुरुदासाचा पुतण्या. पुण्यात इंजिनिअरिंग करत होता आणि मोबाइलवर शर्यतीच्या गाड्या बघून काकाला सल्ले देत होता. सत्यवानाने पाना खाली ठेवला.

“ह्यो तेलान भरलेलो गोल डबो. एका बाजून इंजिन फिरवता, दुसऱ्या बाजून चाकां फिरतत. इंजिन तितक्या फेऱ्यांर गेल्याबिगर ह्यो नीट जोर धरणा नाय. रिकामी गाडी पळवूची आसात तर घाला सव्वीसशे. भरलेली टाकी घेवन वरच्या वाडीची घाटी चडूची आसात, तर इंजिन नुसता बोंबलतला, तेल उकळतला आणि गाडी जाग्यार ऱ्हवतली.”

“पण मोठो टर्बो उशिरान जागो होता म्हणता तो.”

“मोठो टर्बो तुमका कोणी घालूक सांगलेलो?”

शौनकाचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. त्या टर्बोला जाग यायला इंजिनाच्या जास्त फेऱ्या लागत होत्या खऱ्या. पण चढणीला भरल्या टाकीपुढे सव्वीसशेचा उपयोग शून्य, हे कागदावर दोन रेघा मारून दाखवता आलं असतं. सत्यवानाने नाही दाखवलं. गुरुदासाला समजावत बसायचं म्हणजे त्याला आपली पायरी सोडल्यासारखं वाटत होतं.

“मगे असा करूया,” गुरुदास म्हणाला, “रवळनाथाक कौल लावया.”

हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा? लग्नाला कौल, घराच्या पायाला कौल, इथवर ठीक. आता देवाने गिअरबॉक्सही बघायचा होता! सत्यवान गेला देवळात, पण तो गंमत बघायला.

बाबली गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. गाऱ्हाणं घालण्याआधी, रीतीप्रमाणे, तो मंडळींकडे वळला.

“कोणाचा काय म्हणणा आसात तर आताच सांगा. मागसून देवाक बोल नको.”

आणि त्याने सत्यवानाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्या घडीला सत्यवान एक वाक्य बोलला असता तर गावाने ऐकलं असतं, कारण देवळात बोललेला शब्द तिथे कुणी हसण्यावारी नेत नाही. त्याची थोरली बहीण तुळसा वरच्या वाडीतच दिलेली होती. तिच्या घरी प्यायला पाणी नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. पण त्याच्या मनात आलं, जळू दे एकदा गाडी. मग येतील नाक घासत माझ्या दारात. तो मूग गिळून उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा,” बाबलीने सूर लावला, “ह्या तुझ्या लेकरांच्या गाडयेक मोठ्या आकड्याचो डबो बसवूचो आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मंडळी म्हणाली. सत्यवान सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, मिशीत हसत.

वर पंखा गरगरत होता. उजवी पाकळी पडली.

सव्वीसशेचा आला, सत्यवानाने तो चोख बसवला आणि भरल्या टाकीची गाडी घाटीला लागली. इंजिन बोंबललं. गाडी गोगलगायीसारखी अर्ध्या चढणीपर्यंत सरकली आणि थांबली. खालून धूर निघाला, जळक्या तेलाचा वास सुटला, आणि गाडी हळूहळू मागे घसरू लागली. मंडळींनी चाकांमागे धोंडे घातले, पण ते वजन ब्रेकला आणि धोंड्यांना आवरेना. शेवटी वजन उतरवायला गुरुदासानेच टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा कुठे गाडी थांबली. सगळं पाणी तांबड्या धुळीतून खाली गेलं. वरच्या वळणावर हंडे-घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका ते बघत राहिल्या.

“देवाचो कौल होतो,” गुरुदास घाम पुसत म्हणाला. “आमचाच कायतरी चुकला असतला. घाटयेच्या राखणदार देवचाराक नारळ दिवक व्हयो होतो.” हा माणूस उद्या निवडूनही येणार होता.

तुळसा घागर घेऊन खाली उतरली.

“मी पयलाच सांगलेलंय, ताय,” सत्यवान सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला. “अठराशेचो घाला म्हणान. ह्या ढोरांक कोण सांगतलो?”

“खंय सांगलंस?”

“गॅरेजात.”

“आणि देवळात? बाबलीन इचारल्यान तेव्हा?”

सत्यवान वाकून गाडीखाली बघू लागला.

“बाबली सांगी होतो, ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्यान तूच म्हटलंस.” तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तो गुरुदासाला पाहायचा तसं. “गुरुदासाक कळणा नाय रे. तुका कळता.”

तिने रिकामी घागर कमरेवर घेतली. “चला गो बायांनो, खालच्या बावयेर जावया.”

“गो तुळसा, मेस्त्री काय म्हणता?” वरून कुणीतरी विचारलं. “गाडी कधी बरी होतली?”

“तो काय म्हणतलो?” तुळसा मागे न बघता म्हणाली. “व्हय म्हाराजा म्हणता.”