पितळी कडं आणि तीन शब्द

"मीठ, विळा, गाय," ताराबाई म्हणाली.

"शाब्बास. परत सांग."

"अवो, किती वेळा? या वयात शाळंत घातलाव का मला?"

मुरबाडहून शहापूरला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावरचे दोघे हसले. भगीरथनं बायकोच्या उजव्या हाताकडे पाहिलं. कंपवातानं तो मांडीवर एकसारखा थडथडत होता. तीन वर्षं भगीरथच तिला घास भरवत होता. "दुनियेचे हात थांबवलात, भावजी, नि घरचा नाय थांबवत?" असं जाऊ ठकू येता-जाता टोचायची.

आज शहापूरच्या दवाखान्यात मुंबईची डॉक्टरीण येणार होती. मेंदूत बारीक तार सोडून हात थांबवण्याचं ऑपरेशन ताराबाईला चालेल की नाही, हे तीच ठरवणार होती. आधी ती स्मरण तपासणार, हे भगीरथला ठाऊक होतं. हल्ली ताराबाई चुलीवर भांडं ठेवून विसरायची, मेलेल्या भावाची वाट बघत ओटीवर बसायची. म्हणून आठवडाभर त्यानं तिच्याकडून पाठांतर करून घेतलं होतं.

एक्काहत्तर साली तो मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. मेंदूत सुई नेमकी सोडण्यासाठी डोक्यावर बसवायची परदेशी चौकट मिळेना, तेव्हा तिथल्या सर्जननी त्याच्यापुढं एक चित्र ठेवलं. असली पहिली चौकट साठेक वर्षांपूर्वी लंडनच्या एका कारागिरानं जनावरांच्या डोक्यासाठी घडवली, ते म्हणाले. माणसाच्या डोक्यावर बसायला तिला पुढं चाळीस वर्षं लागली. स्कॅन तेव्हा नव्हते. मेंदूत हवा भरून एक्स-रे काढायचा, फिल्मवर पट्टी ठेवून जागा मोजायची आणि चौकटीच्या पितळी कड्यावरच्या आकड्यांच्या भरवशावर आत सुई सोडायची. त्या आकड्यांच्या रेघा भगीरथनं भिंगातून बघत पितळेवर कोरल्या. एक रेघ चुकली तर त्यानं अख्खं कडं मोडीत टाकलं आणि नवं केलं.

ऑपरेशनच्या दिवशी स्क्रू आवळायला त्यालाच उभं केलं. पेशंट जागा होता. "ते तीन शब्द सांगा," सर्जन मधूनमधून विचारत, आणि पेशंट म्हणे, "मीठ, विळा, गाय." मग सुई जागेवर पोचली आणि वीस वर्षं हलणारा हात चादरीवर गप्प पडून राहिला. हे भगीरथनं स्वतः पाहिलं होतं. त्यामुळं त्याची आशा काही केल्या सुटत नव्हती.

डॉक्टर रुचिता वयानं लहान आणि बोलायला मऊ होती. "आजी, तीन शब्द लक्षात ठेवा हं. चमचा, नदी, आंबा." मग तिनं गावाचं, शेताचं विचारलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आता सांगा बघू ते शब्द."

"मीठ, विळा, गाय!" ताराबाईनं ठणकावून सांगितलं आणि नवऱ्याकडं बघून हसली.

डॉक्टरनं मान वळवली. "आजोबा, हे कुठून आलं?"

"मी शिकवलं," भगीरथ म्हणाला. त्याचे कान तापले होते. "आमच्या वेळी हेच विचारायचे. तिचं डोकं ठीक आहे, बाई. घोळ माझाच आहे."

"बरं. तुम्ही बाहेर बसा. मी पहिल्यापासून घेते."

दार अर्धवट उघडं होतं. बाकावर बसून त्यानं नवे शब्द ऐकले: फूल, खिडकी, दोरी. तोही मनात घोकत राहिला, जणू त्यानं घोकलेलं तिच्यापर्यंत पोचणार होतं. मग डॉक्टरनं विचारलं.

"कुठले शब्द?" ताराबाई म्हणाली. मग बारीक आवाजात, "अवो, कुठं गेलाव?"

डॉक्टर बाहेर येऊन त्याच्या शेजारीच बसली. "आजोबा, आता सुई केसभरही चुकत नाही. पण स्मरण जात असताना हे ऑपरेशन केलं तर ते आणखी बिघडतं. मी नाही करणार. गोळ्या थोड्या वाढवते."

तिला कड्याबद्दल सांगावं असं त्याला वाटलं. सांगून काय होणार होतं? त्यानं गोळ्या लिहिलेल्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

परतीच्या एसटीत ताराबाई खुशीत होती. "सगळा बरोबर सांगितला ना मी? मंग कधी करणार?"

"पुढच्या महिन्यात."

किन्हवली येईपर्यंत तिनं आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "नाय होणार गो, ताराबाई. नाय म्हणाली ती."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. हात त्याच्या हातांतही थडथडतच होता.

सरळगाव जवळ आलं तशी ती वळली. "अवो, कधी करणार मंग?"

"पुढच्या महिन्यात," भगीरथ म्हणाला.