कोकालाच्या पाठीवरचे नव्वद किलो

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या काकांनी, म्हणजे इसाबेक आबांनी, मला काराकोलच्या गुरांच्या बाजारात मेंढ्यांच्या काट्यावर उभं केलं. काटा चौऱ्याण्णववर थांबला. मेंढी नापसंत पडली की ज्या सुरात वजन वाचतात, त्याच सुरात आबांनी तो आकडा वाचला.

"कोकाला सतरा वर्षांचा झालाय," ते म्हणाले. "नव्वदच्या वर त्याच्या पाठीवर काही चढणार नाही. एक जूनला आपण डोंगरावरच्या कुरणावर निघतो. तोवर उतरलास तर तू बसशील, नाहीतर मिरलान."

"पुढच्या वर्षी बसतो की मग मी."

"पुढच्या वर्षी तो चढणारच नाही. त्याची ही शेवटची खेप."

मिरलान माझा चुलतभाऊ. वजन अडुसष्ट, खिशातल्या मोबाइलसकट. कोकालाच्या शेपटीला त्याने आयुष्यात कंगवा लावलेला नाही. कोकाला हा माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने माणसाळवलेला शेवटचा घोडा. वडील जाऊन पाच वर्षं झाली. दर जूनला मी त्याच्यावर बसून कुरणावर जातो, आणि त्या दोन दिवसांत वडिलांशी काहीतरी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू आहे असं मला वाटत राहतं. बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस मी कॉलेजात भूगोल शिकवतो.

चार किलो आणि बारा आठवडे. गणित सोपं होतं. मी व्यायामशाळेत नाव घातलं.

व्यायामशाळा जुन्या सहकारी दुकानाच्या तळघरात आहे. ती चालवते बेगिमाय, माझी जुनी विद्यार्थिनी. वय चोवीस. भूगोलात जेमतेम पास झाली होती आणि ते ती विसरली नव्हती.

"आगाय," ती म्हणाली. आमच्याकडे मास्तरला जन्मभर आगायच म्हणतात, मग त्याच्या हातात खडू असो की लोखंड. "आगाय, तुम्ही आम्हाला चीनच्या नद्या उभं राहून म्हणायला लावायचात. आता बसा. उठा. बसा. मी सांगेपर्यंत."

मी बसत-उठत राहिलो. रोज संध्याकाळी दीड तास. तिसऱ्या दिवशी मला जिना उलटा उतरावा लागला. पण खरी गंमत पायांची नव्हती, भुकेची होती. अशी भूक मी लष्करात असतानाही पाहिली नव्हती. ती पोटात लागायची नाही, डोळ्यांत लागायची. व्यायामशाळेबाहेरच्या गल्लीत दुंगान जमातीच्या बायका थंड तिखट शेवया विकतात. तो सिरक्याचा वास आला की मला त्या बायका माझ्या सख्ख्या मावश्या वाटायला लागायच्या.

बेगिमायला हे ठाऊक होतं. "व्यायामानंतरची भूक अर्ध्या तासाने खोटं बोलायला लागते," ती म्हणाली. "त्याआधीच तिच्या तोंडात काहीतरी घालायचं. दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही, वर भरपूर पाणी. मग घरी गेल्यावर तुम्ही माणसासारखे जेवाल."

मी तसंच केलं. कपडे बदलायच्या खोलीतच अंडी सोलून खायचो, दही प्यायचो आणि चालत घरी निघायचो. घर दीड किलोमीटरवर. वाटेत आमच्याच कुळातल्या लोकांची सात घरं.

पहिलंच घर कुलपुनाय काकींचं. त्या फाटकात उभ्याच असायच्या.

"तोलोगोन! दारावरून तसाच चाललास? नान न चाखता?"

आता नान चाखल्याशिवाय कुणाच्या दारावरून जाता येत नाही, हे काही मी सांगायला नको. मी आत जायचो. पूर्वी मी उभ्या उभ्या चिमूटभर तुकडा मोडायचो, पुटपुटायचो आणि निघायचो. आता हात आपोआप अर्धा नान मोडत होता. नानाबरोबर ताजा कायमाक असायचा, आणि साय नुसती बघून सोडून देणं म्हणजे गायीचा अपमान. मग जर्दाळूचा मुरंबा. मग बोरसोक, गरम, तेलात नुकते फुगलेले, ते मोजून खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग हे सगळं खाली उतरावं म्हणून चहा.

"अगं बाई, आज नीट चाखलंस," काकी म्हणायच्या. "बायको घरी काही देत नाही वाटतं?"

मग पुढचं घर.

घरी पोचल्यावर मी अतिशय संयमाने जेवायचो. वाटीभर सूप, मांसाचे दोन तुकडे, नानाला हात नाही. माझी बायको बुरुल औषधांच्या दुकानात काम करते. ती माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघायची.

तीन आठवड्यांनी बेगिमायने मला काट्यावर उभं केलं. पंच्याण्णव पूर्णांक दोन.

"स्नायू," ती म्हणाली. "चरबीपेक्षा स्नायू जड असतात."

पाच आठवड्यांनी साडेशहाण्णव.

"एवढे स्नायू कुठे आहेत?" मी विचारलं. आम्ही दोघांनी आरशात शोधलं. सापडले नाहीत.

"आगाय, खरं सांगा. दिवसभरात काय काय खाता?"

मी खरं सांगितलं. सकाळी एक अंडं आणि चहा. दुपारी सूप. व्यायामानंतर तू सांगितलंस ते. रात्री मांसाचे दोन तुकडे.

"बस?"

"बस."

"एवढ्यावर तर माझी मांजर वाळेल," ती म्हणाली. मग तिने माझा काटा बदलला, माझी रक्ततपासणी करून घेतली, माझ्या पाण्यावर संशय घेतला. रक्त उत्तम निघालं. पाणी पाणीच निघालं. काटे दोन्ही एकमेकांशी सहमत होते.

"मग नक्कीच तुमच्या घरी काहीतरी लपलंय," बेगिमाय म्हणाली. "आज मी तुमच्याबरोबर येते. जेंगेंचं स्वयंपाकघर बघते." जेंगे म्हणजे वहिनी; बुरुलला ती तसंच म्हणते.

आम्ही चालत निघालो. कुलपुनाय काकी फाटकात.

"ही कोण? मास्तरीण? ये गं पोरी, नान चाख."

बेगिमाय चांगल्या घरातली. ती आत आली, नान चाखला, कायमाकाचं कौतुक केलं, कुठल्या गायीचा म्हणून विचारलं. अशा प्रश्नानंतर दुसरी वाटी येणारच. दुसऱ्या घरी मुरंब्याची कृती विचारून घेतली. तिसऱ्या घरी नुकतेच तळलेले बोरसोक होते, तेव्हा आम्ही काहीच विचारलं नाही. चौथ्या घरी तिच्या आईची मैत्रीण निघाली. सातव्या घरातून निघताना ती फाटकाला धरून क्षणभर उभी राहिली.

"तुमच्या कुळातली माणसं फार प्रेमळ आहेत," ती म्हणाली.

आमच्या घरी तिने फ्रीज उघडला. फडताळं उघडली. पलंगाखाली वाकून पाहिलं. बुरुल दारात हात बांधून उभी होती.

"जेंगे, आगाय चोरून खातात का?"

"हा?" बुरुल म्हणाली. "हा चिमणीएवढं खातो. त्याच्या पुढ्यातलं ताट मी तसंच उचलते. मला वाटलं, तूच त्याला काहीतरी गोळ्या देतेस."

बेगिमाय खुर्चीवर बसली. पाहणी करून करून ती दमली होती. बुरुलने तिच्यासमोर नान ठेवला, आणि तिने तो चाखला.

मी भूगोलाचा माणूस. पाणी वरून खाली वाहतं आणि थंडीत गोठतं यावर माझा विश्वास आहे. पण घाम गाळून, उपाशी राहून माणूस फुगतो कसा, हे मला कळेना. आबांचं म्हणणं खरं असेल का, की वडिलांकडच्या बाजूला हाडं जड आहेत? की कोकालाच्या पाठीवर मी बसू नये अशी कुणाची तरी इच्छाच आहे? रात्री पडल्या पडल्या मी पोटाला हात लावून पाहायचो आणि परकं जनावर पाळल्यासारखं वाटायचं.

बेगिमायने हार मानली नाही. माझ्यावर डोळा ठेवायला ती दोन आठवडे रोज माझ्याबरोबर चालत घरी येत राहिली. पंधराव्या दिवशी तळघरात पोचलो तर ती काट्यावर उभी होती आणि काट्याकडे असं बघत होती, जसा काटा परीक्षेत कॉपी करताना सापडलाय.

"आगाय, माझे दोन किलो वाढलेत."

"अभिनंदन. स्नायू असतील."

"चेष्टा नको. मी काही जास्त खाल्लेलं नाही. व्यायाम तोच, झोप तीच, घरचं जेवण तेच. माझ्या दिवसात नवीन गोष्ट एकच आहे. तुमच्याबरोबर चालणं." ती काट्यावरून उतरली. तिचा चेहरा शोध लागलेल्या माणसाचा होता. "तुमचेही व्यायामाआधी नाही, व्यायाम सुरू झाल्यावर वाढले. म्हणजे तुम्ही रोज चालायला लागल्यावर. आगाय, जड व्यायामानंतर लगेच चालल्याने वजन वाढतं!"

"असं कुठे असतं का?"

"मग दुसरं कारण सांगा."

मी विचार केला. दुसरं कारण मला सुचलं नाही. तिलाही सुचलं नाही. आम्ही दोघं शिकलेली माणसं.

दुसऱ्या दिवसापासून बुरुल मला गाडीने आणायला येऊ लागली. बुरुल गाडी चालवते ती औषधांची बाटली फुटायच्या आत पोचवायची असल्यासारखी. काच वर, नजर समोर. सातही फाटकं खिडकीतून निळी रेघ होऊन जात. घरी पोचलो की भूक सपाटून लागलेली असायची. मी जेवायचो. पहिल्यांदाच पोटभर, वर नानही. "आता कुठे माणसासारखा जेवतोस," बुरुल म्हणाली.

आणि वजन उतरायला लागलं. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. मेच्या मध्यावर ब्याण्णव. बेगिमायने तळघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: व्यायामानंतर चालू नये. तिच्याकडे येणारे बाकीचे लोक गोंधळले, पण त्यांनी टॅक्सी करायला सुरुवात केली, आणि म्हणे त्यांचंही उतरलं.

एक जूनला सकाळी आबांच्या अंगणात सगळे जमले होते. तंबूचं सामान ट्रकवर चढलं होतं, मेंढ्या आधीच रस्त्याला लागल्या होत्या. मेंढ्यांचा काटा आबांनी मुद्दाम आणवला होता. मी बूट काढून वर चढलो.

एकोणनव्वद पूर्णांक आठ.

मिरलान मला बाइके, म्हणजे दादा, म्हणतो. तो म्हणाला, "बाइके, बेल्टही काढा, म्हणजे आणखी उतरेल." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

आबांनी आकडा वाचला. या वेळी कुठल्याच सुरात नाही. मग त्यांनी मला विचारलं, "कसं उतरवलंस?"

"गाडीने घरी जायला लागलो, आबा."

"हो. ऐकलंय मी." ते कोकालाचा लगाम हातात घेऊन उभे होते. "कुलपुनाय सहा आठवडे फाटकात उभी राहते नान घेऊन. तू काच वर करून जातोस. ती रडली माझ्यापाशी. म्हणाली, मास्तर मोठा झाला, आपला नान त्याला चालत नाही."

"आबा, बेगिमाय म्हणाली की चालल्याने..."

"कोकालावर तुझ्या बापाची माणसं ज्याला आपला म्हणतात तो बसतो. गाडीवाला गाडीने वर येऊ शकतो. रस्ता आहे आता."

मी काट्यावर उभाच होतो. बारा आठवडे मी एका आकड्यासाठी बसलो, उठलो, बसलो. आकडा पायाखाली होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मिरलानने लगामाकडे पाहिलं. मी बूट घातले.

"किती वेळ आहे निघायला?"

"दोन तास," आबा म्हणाले.

मी चालत गेलो. कुलपुनाय काकी आधी बोलल्याच नाहीत. मी स्वतःच नान मोडला. मग त्या बोलल्या, आणि बोलता बोलता कायमाकाची वाटी माझ्यासमोर आली. सहा आठवड्यांची नाराजी एका वाटीत बसत नाही, दोन लागल्या. पुढच्या घरी तर नवं लोणी होतं. सगळ्यांनी माझी कानउघाडणी केली आणि सगळ्यांनी ती करताना माझं ताट भरलं. सातव्या घरातून निघालो तेव्हा मला चालताना मागे रेलावं लागत होतं.

अंगणात काटा तसाच पडला होता. मी न सांगताच त्यावर चढलो. एक्क्याण्णव पूर्णांक सहा.

मी आकड्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे, सात फाटकांकडे. मग पुन्हा आकड्याकडे. डोक्यात काहीतरी हललं, पण ते इतकं असभ्य होतं, की मी तो विचार पुरा केला नाही. नान चाखण्याला खाणं कोण म्हणेल?

"आबा, नव्वदच्या वर आहे," मी म्हणालो.

"बघितलं मी." आबांनी लगाम माझ्या हातात दिला. "बस."

"आणि त्याची पाठ?"

आबांनी कोकालाकडे पाहिलं, मी कोकालाकडे पाहिलं. पाठीचा खळगा गेल्या वर्षीपेक्षा खाली गेलेला होता. त्याने माझ्या बाहीचा वास घेतला, तिथे लोणी लागलेलं होतं, आणि चाटायला लागला.

मी बसलो. गावाबाहेरच्या पुलापर्यंत सपाट रस्त्यावर तो वडिलांच्या वेळी चालायचा तसाच चालला, मान जरा डावीकडे. पुलापलीकडे चढ सुरू झाला तसा त्याचा श्वास मला मांड्यांतून ऐकू येऊ लागला. मी उतरलो आणि लगाम धरून पुढे चालू लागलो.

मिरलान ट्रकमधून शेजारून गेला. "बाइके, शर्यत जिंकून चालत निघालात?"

मी घोडा मिळवला होता की घालवला होता, हे मला त्या चढावर ठरवता आलं नाही. वडिलांना विचारावं म्हटलं, तर बोलायला दम उरला नव्हता. कोकाला माझ्या खांद्यामागून श्वास टाकत येत होता, आणि आम्ही दोघंही एकाच गतीने धापा टाकत होतो.