शिशाचा 'छ'

आमच्या एक्स-रे विभागासमोरची रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. आत 'सर्वदर्शी' नावाचं यंत्र बसवलं होतं. छातीचा फोटो दाखवला की पापणी लवायच्या आत निकाल: रोगी की निरोगी. लोक पडद्याला हात जोडत, आणि आमचे डॉक्टरही त्यात मागे नव्हते. यंत्राचे कर्ते म्हणजे आमचे संशोधनप्रमुख. मनातल्या मनात मी त्यांना महाराज म्हणायचे. मी एक्स-रे वाचणारी डॉक्टर. शंका घेण्यावरच माझं पोट चालतं.

त्यात माझा मामा खोकत आला. फोटोत उजव्या फुफ्फुसावर डाग होता, मला क्षयाचा दाट संशय. यंत्र म्हणालं, निरोगी.

"मामा, थुंकी तपासायला दे. आणि तोवर नातीला जवळ घेऊ नकोस."

"यंत्रानं पास केलंय मला. तू काय त्याच्यापेक्षा शहाणी?"

महिनाभर मी फोनवर घसा कोरडा केला. खोकला वाढला, आणि नात रोज त्याच्याच कुशीत झोपत होती. शेवटी मी महाराजांना गाठलं.

"यंत्राला शिकवलेले फोटो कुठून आणलेत, सर?"

"तो ज्ञानाचा महासागर आहे, डॉक्टर. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये."

"पाणी प्यायचं असेल तर विचारावं. वरच्या अंगाला कोण गुरं धुतंय ते कळतं."

ते फोटो त्यांनी जाहिरातीसाठी भिंतीवरच लावले होते. जवळून पाहिले, तर प्रत्येक रोगी फोटोच्या कोपऱ्यात पांढरा 'छ'. रोगी फोटो सगळे छातीच्या रुग्णालयातले; तिथे प्लेटवर शिशाचा 'छ' चिकटवायची पद्धत आहे, तो फोटोत पांढरा उमटतो. मी तिथेच शिकले. निरोगी फोटो नोकरभरतीच्या तपासणीतले, त्यांवर काहीच नाही. म्हणजे यंत्र फुफ्फुसं बघतच नव्हतं, अक्षर वाचत होतं. आणि आमच्याकडे मामाच्या फोटोवर 'छ' लावणार कोण?

दुसऱ्या दिवशी मामाला हाताला धरून आणलं. सगळ्यांदेखत वॉर्डातली उशी प्लेटवर ठेवली, कोपऱ्यात 'छ' चिकटवला आणि फोटो काढून यंत्राला दाखवला. पडद्यावर उमटलं: "रोगी. तातडीने उपचार करा."

मग मागून एक काका म्हणाले, "त्या उशीवर क्षयाचा पेशंट झोपला असेल. यंत्रानं तेही ओळखलं बघा."

घ्या, आता काय बोलणार. मी 'छ' काढून पुन्हा फोटो घेतला. तीच उशी निरोगी झाली. मग भिंतीवरच्या एका खऱ्या क्षयरोग्याच्या फोटोतला 'छ' झाकला, तोही ठणठणीत. मामा थुंकी द्यायला गेला.

क्षयच निघाला. नातीलाही लागण झाली होती. दोघं औषधानं बरी होतील, पण चार वर्षांच्या पोरीला रोज तोंड वाकडं करून गोळी गिळताना बघते आणि माझं डोकं फिरतं.

"याला जबाबदार कोण, सर?" मी महाराजांना विचारलं.

"यंत्र चुकलं," ते म्हणाले.

यंत्राला ना लाज, ना नात. म्हणून सांगते, हात जोडण्याआधी तोंड उघडा. फोटो कुठले, निवडले कुणी, चुकलं तर धरायचं कुणाला, एवढं विचारा. 'मी' म्हणणारा माणूस पुढे येत नसेल, तर तो निकाल घरी नेऊ नका.